शकुंतलाबाईच्या वाट्याचं नाव

आंधळगावच्या बाजारातून शाळेकडं जाताना डाव्या हाताला टिनाची एक लांबट खोली लागते. दारात आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला. रविवारी सकाळी धनीराम सायकलवाला दुकानातला मोठा पाना खिशात घालून येतो आणि त्या रुळावर बारा ठोके देतो. आंधळगावच्या ख्रिस्ती मंडळीची हीच घंटा. मंडळी म्हणजे घरं नऊ. पाळक महिन्यातून एकदा येणार, कारण गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला पाळकसाहेबांचं क्षेत्रही तुटलं आणि इकडच्या पाच गावांना मिळून एकच पाळक उरला. बाकीचे रविवार मंडळीचे सचिव वासुदेवराव चष्मा पुसत पुसत उपासना चालवतात. वासुदेवराव वनखात्यातून निवृत्त झालेले.

या धनीरामची बायको शकुंतलाबाई. अंगणवाडीत मदतनीस. सातवी पास, पण अक्षर असं की अंगणवाडीच्या बाई भिंतीवरचे सगळे तक्ते तिच्याकडूनच लिहून घेतात. उंचीनं ठेंगणी, चालताना डावा गुडघा जरा ओढते. आणि एक सवय. कोणाचं चांगलं झालेलं ऐकलं की आधी खाली बघते, मग हसते. त्या खाली बघण्यात काय व्हायचं ते तिचं तिलाच माहीत.

वासुदेवरावांची बायको ललिताबाई तिच्या समोरच्या घरात राहते. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आंधळगावात आल्या. पुढं ललिताबाईच्या अंगणात बोअर लागला, शकुंतलाबाईच्या नाही लागला. ललिताबाईचा मुलगा नागपूरला नोकरीला लागला, शकुंतलाबाईचा तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करतो. हे सगळं शकुंतलाबाईनं खाली बघून आणि हसून निभावलं. पण मिशनरीच्या बाबतीत मात्र तिला ते जमलं नाही.

त्याचं असं झालं. दोन हजार तीन सालच्या पहिल्या रविवारी तेव्हाचे पाळकसाहेब एक छापील यादी घेऊन आले. म्हणाले, मोठ्या मंडळ्या मिशनरी पाठवतात, गाड्या देतात, दवाखाने बांधतात. आपण नऊ घरं. आपल्याकडं पाठवायला माणूस नाही. पण एका माणसाचं नाव मनात धरून ठेवायला काय लागतं? यादीत दूरदूरच्या मिशनऱ्यांची नावं होती. त्यातली नऊ नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, चिठ्ठ्या पितळी गंजात टाकल्या आणि प्रत्येक घरानं एक उचलली. ज्याच्या हाती जे नाव येईल ते त्या घराचं. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची, पत्र लिहायचं आणि उत्तर आलं की रविवारी ते मंडळीत वाचायचं. तो मिशनरी काम सोडेपर्यंत नाव बदलायचं नाही.

ललिताबाईच्या चिठ्ठीत निघाले ओडिशाचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई. शकुंतलाबाईच्या चिठ्ठीत निघालं, ‘सिस्टर सुशीला, दवाखाना, कुमडीटोला, जि. बालाघाट.’

ओडिशाचे डॉक्टर लिहिणारे निघाले. दर दोन महिन्यांनी गुळगुळीत कागदावरचं पत्र यायचं, आत रंगीत फोटो. डॉक्टर बाळाला तपासताना, डॉक्टरीणबाई सलाईन लावताना, मागं हिरवे डोंगर. ललिताबाई ते पत्र पवित्र शास्त्रात असं ठेवायची की चार बोटं बाहेर दिसावीत. वाचून झालं की म्हणायची, “आमच्या डॉक्टरासाठी प्रार्थना करा वो.” आमच्या! एका नाताळात डॉक्टरांचं कॅलेंडर आलं, ते मंडळीच्या भिंतीवर लागलं आणि त्यासाठी खिळा ललिताबाईच्या घरून आला. शकुंतलाबाई वर्षभर गीत म्हणताना त्या खिळ्याकडं बघत होती.

सिस्टर सुशीला मात्र दगड. शकुंतलाबाईनं पहिल्या दोन वर्षांत आठ पत्रं टाकली. आपल्याबद्दल लिहिलं, गुडघ्याबद्दल लिहिलं, मोहरी नावाच्या शेळीबद्दल लिहिलं. उत्तराचा एक शब्द नाही. तरी ती रोज दिवा लावून सुशीलाबाईचं नाव घ्यायची. फक्त प्रार्थनेचा सूर हळूहळू बदलत गेला.

“हे प्रभू, सिस्टर सुशीलाले बुद्धी दे. तिच्या हाताले काय झालं ते तूच पाय. पेन नसन तं पेन दे.”

धनीराम चटईवरून म्हणायचा, “तू तिच्यासाठी प्रार्थना करून राहिली का तिची तक्रार करून राहिली?”

“तुमी आपले स्पोक कसा.”

अशी पावणेसहा वर्षं गेली. दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. ललिताबाईनं पत्र वाचलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र आलं होतं. फोटो बाकांवरून हातोहात फिरला. आनंदाबाई म्हणून मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई, तिला नीट दिसत नाही, तरी तिनं फोटो नाकाजवळ धरून “अबब” केलं. मग वासुदेवरावांनी वहीत टिपून घेतलं आणि सहज विचारलं, “शकुंतलाबाई, तुमच्याकडं काही नाही ना?”

या शेवटच्या ‘ना’नं घात केला. नुसतं ‘काही आहे का’ विचारलं असतं तर ती नेहमीसारखी मान हलवून गप्प बसली असती. पण ‘नाही ना?’ म्हणजे तुझ्याकडं काय असणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. ललिताबाई फोटोवरचे बोटांचे डाग पदरानं पुसत होती.

“हाये,” शकुंतलाबाई म्हणाली. “घरी राहिलं. पुढच्या रविवारी आनतो.”

बुधवारी पोरं खिचडी खाऊन गेल्यावर तिनं अंगणवाडीत बसून पत्र लिहिलं. तक्त्यांवरचं अक्षर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मुद्दाम तिरपं अक्षर काढलं. लिहिताना अडचण अशी की तिनं डोंगरातला दवाखाना कधी पाहिलेला नव्हता. तिला माहीत होतं ते तिचंच आयुष्य. म्हणून सिस्टर सुशीलानं तिच्या आयुष्याची विचारपूस केली. ‘प्रिय शकुंतलाबाई, तुमची सगळी पत्रं मिळाली. कामामुळं उत्तर राहून गेलं, रागावू नका. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? थंडीत एरंडाचं पान गरम करून बांधत जा. मोहरी व्याली का? धनीरामभाऊंना सलाम.’

त्या रविवारी तिनं हे टिनाच्या खोलीत उभं राहून वाचलं. “पाय वो माय,” आनंदाबाई म्हणाली, “बकरीचं नाव बी याद हाये तिले!” ललिताबाईनं शास्त्र उघडलं आणि पुन्हा मिटलं. शकुंतलाबाईला सहा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर धनीरामनं फक्त एवढं विचारलं, “पोस्टमन माह्याच दुकानात हवा भरते. पत्र कोनत्या रस्त्यानं आलं?”

ती चुलीत फुंकत राहिली. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो रुळावर अकराच ठोके देऊ लागला की काय, असं तिला दर रविवारी वाटायचं आणि ती मनातल्या मनात मोजायची.

दुसरं पत्र तीन आठवड्यांनी आलं. तिसऱ्याची मात्र गोष्ट वेगळी. एक्स-रे यंत्राला टक्कर देईल असं काही त्यात हवं होतं. यंत्र सुशीलाबाईकडं कुठून येणार? शकुंतलाबाईनं खूप विचार केला आणि लिहिलं, ‘इकडं डोंगरात थंडी फार. रोग्याला खाट मिळते, पण सोबतची माणसं ओसरीवर पोती टाकून निजतात. बघून जीव तुटतो.’

वाचताना तिचाच आवाज कापला. आणि पत्राची घडी होते न होते तोच ललिताबाई उभी राहिली.

“आपन गोधड्या शिवू.”

शकुंतलाबाईला वाटलं, काळजावर कोणी गरम उलथणं ठेवलं. पत्र माझं, थंडी माझी, सुशीलाबाई माझी, आणि उठून उभी राहते ही! पण नऊच्या नऊ घरं “हो हो” म्हणाली. कोणी जुनी लुगडी आणली, कोणी फाटकी धोतरं. दोन आठवडे धान कापणीतून मिळेल त्या दुपारी बाया टिनाच्या खोलीत बसून टाके घालत होत्या. सहा वर्षांत मंडळी रविवार सोडून कधी अशी एकत्र आली नव्हती. गोधड्या अकरा झाल्या. त्यातली ललिताबाईची तर अशी की चारी बाजूंनी हिरवा काठ, काठाला त्रिकोणी कापांची पिवळी कातर. जो येई तो ती उलगडून बघे. शकुंतलाबाईची गोधडी घडी करून खालीच राहिली.

“पोस्टानं पाठवू,” ती म्हणाली.

वासुदेवराव हसले. “अकरा गोधड्या पोस्टानं? बाई, कुमडीटोला कुठं आहे ठाऊक आहे का? मी नोकरीत असताना तिकडं जाऊन आलो आहे. तुमसरवरून बपेरा, पुढं नदी ओलांडली की मध्य प्रदेश, तिथून जीप. चार तासांची वाट आहे सगळी.”

खोलीतली सगळी माणसं एकमेकांकडं बघू लागली. चार तास! मिशन म्हणजे लांब, डोंगरापलीकडं, भाषा न कळणाऱ्या मुलखात, असंच सगळे धरून चालले होते. सहा वर्षं ज्या जागेसाठी प्रार्थना केली ती जागा लग्नाच्या वऱ्हाडाला जाण्याइतकी जवळ होती, आणि नऊ घरांतल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं की जाऊन बघावं. यादीत छापलेलं नाव जवळचं असू शकतं, हेच कोणाला सुचलं नव्हतं.

“मंग शकुंतलाबाईच जाईन घेऊन,” आनंदाबाई म्हणाली. “तिचीच हाये ते.”

“एकटी कशी जाईन? मी जातो तिच्यासंगं,” ललिताबाई म्हणाली.

त्या आठवड्यात शकुंतलाबाईला दोनदा ताप आला, दोन्ही वेळा खोटा. धनीरामनं गोधड्यांचं गाठोडं सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलं. बांधता बांधता म्हणाला, “मी जाऊन सांगू का वासुदेवरावाले? अजून बी टाइम हाये.”

“अन् ललिताच्या समोर मान खाली घालू?”

“मान तं तुले घालाच लागन. अठी घाल नाही तं तठी घाल.”

तिनं तिथं घालायचं ठरवलं. तिथं निदान माणसं कमी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघी सकाळच्या एसटीनं तुमसरला गेल्या, तिथून काळ्यापिवळ्या जीपनं बपेऱ्याला. गाठोडं मध्ये ठेवून दोघी दोन्ही बाजूंना बसल्या. ललिताबाईनं नवीन स्वेटर घातला होता. ती बाहेरची धान कापलेली शेतं, बांध्या, बघत होती. मग एकदम म्हणाली, “शकुन, तुह्या सिस्टरले माह्याबद्दल लिवलं का तुनं कधी?”

“नाही.”

“समोर राहतो एवढं बी नाही?”

“नाही लिवलं.”

ललिताबाई गप्प झाली. पुढं काय होणार याची धास्ती असतानाही शकुंतलाबाईला त्या गप्प होण्याची गोडी चाखता आली, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

नदी ओलांडली. पुढची जीप सालईच्या जंगलातून चढली आणि एका वळणावर थांबली. कुमडीटोला म्हणजे वीसेक घरं. दवाखाना म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि ओसरी. पाटीवरची अक्षरं उन्हानं गेलेली. ओसरीच्या टोकाला तीन दगडांवर मोठं गंज चढवून एक सुकडी बाई पाणी उकळत होती. पन्नाशीची असेल. हातात चिमटा.

“सिस्टर सुशीला हायेत का?” ललिताबाईनं विचारलं.

बाईनं दोघींकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोनत्या गावच्या वो तुमी?”

“आंधळगावच्या.”

“अवो माय! मी बपेऱ्याची. सखाबाई माह्यं नाव.” चिमटा खाली ठेवून तिनं हात पुसले. “सुशीलाबाईले तं लय वर्सं झाले जाऊन. लगन झालं ना तिचं, जबलपूरले. दोन हजार दोनची दिवाळी केली अठी अन् गेली.”

दोन हजार दोनची दिवाळी. चिठ्ठी निघाली दोन हजार तीनच्या जानेवारीत. म्हणजे ज्या दिवशी शकुंतलाबाईनं गंजात हात घातला त्या दिवशीच सुशीलाबाई तिथं नव्हती. यादी जुनी होती. काम सोडलेल्यांची नावं मिशनच्या पत्रकात छापून येत असत. पण क्षेत्र तुटल्यापासून ते पत्रक जुन्याच पत्त्यावर जात होतं, आणि नऊ घरांना कळवायचं राहून गेलं हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

शकुंतलाबाईनं ललिताबाईकडं बघितलं नाही. समोर उकळणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. पण ललिताबाईचा श्वास तिला ऐकू येत होता. आधी एक लांब, मग काहीच नाही.

“आंधळगाव म्हनलं ना तुमी?” सखाबाई आत गेली आणि बिस्किटाचा एक गंजलेला डबा घेऊन आली. “हे तुमचे तं नाही?”

डब्यात आठ आंतरदेशीय पत्रं होती. आठही न उघडलेली.

“मले वाचता येत नाही,” सखाबाई म्हणाली. “नर्सबाईनं मांगचं गाव वाचलं, आंधळगाव. म्हने, दुसऱ्याचं पत्र फोडू नये. पन फेकाचं कसं? कोनीतरी लिवलं हाये.”

मग तिनं चहा ठेवला आणि हळूहळू सगळं कळलं. सुशीलाबाईनंतर कायमची सिस्टर आलीच नाही. दुसऱ्या गावची नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येते, दुपारी दोनला जाते. उरलेले पाच दिवस सखाबाई. तिला ठेवलं होतं स्वयंपाकाला. आता रोगी राहत नाहीत म्हणून स्वयंपाक नाही, पण बाईला कळा सुरू झाल्या की माणसं हिलाच हाक मारतात. ही पाणी उकळते, बाईला पेज पाजते, कोणाला तरी जीप आणायला पिटाळते आणि तिच्यासंगं पंचवीस किलोमीटर सरकारी दवाखान्यापर्यंत जाते. कोणत्याच यादीत हिचं नाव नव्हतं.

ललिताबाईनं गाठोड्याची ट्यूब सोडली. “ओसरीवर निजनाऱ्याइसाठी आनल्या होत्या.”

“अठी कोन निजते वो?” सखाबाई हसली. “दुपारी तं कुलूप लागते.” मग तिनं एक गोधडी उचलून हातानं जाडी बघितली आणि तिचे डोळे बदलले. “पन ह्या मले द्या. घाटात जीप आदळते, खाली नुसता पत्रा. बाईले कायवर टाकू? माह्या घरचं सगळं पांघरून गेलं त्याच्यात.”

“खराब होईन ना,” ललिताबाईच्या तोंडून निघून गेलं. “रक्त...”

“होईनच. म्हनून तं एक नाही पुरत. एक धुवाची, एक टाकाची.” सखाबाईनं नेमकी हिरव्या काठाचीच गोधडी ओढली. “हे जाड हाये. हे पयली.”

ललिताबाईचा चेहरा पडला. आणि शकुंतलाबाईला, अशा वेळीसुद्धा, एवढं सगळं उघडं पडलेलं असतानासुद्धा, बरं वाटलं. देवा, मी कशी बाई आहे, असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

परतीची जीप बपेऱ्याला तासभर थांबली. चहाच्या टपरीवर दोघी बाकावर बसल्या. आता मध्ये गाठोडं नव्हतं.

“ते तीन पत्रं कोनं लिवले?” ललिताबाईनं विचारलं.

“मी.”

“मले वाटलंच होतं. ‘एरंडाचं पान’ तूच सांगते सगळ्याइले.” तिनं चहा बशीत ओतला, पण प्याली नाही. “काहून लिवलं?”

“तुह्या डॉक्टराच्या कागदापाई.”

ललिताबाई हसली, पण ते हसणं सरळ नव्हतं. “माह्या डॉक्टराचा कागद छापील हाये, शकुन. हजार लोकाइले तोच जाते. वरतं नाव तेवढं पेनानं. मागच्या साली ‘श्री. ललितभाऊ’ म्हनून आलं. मी ते बोटानं झाकून वाचलं मंडळीत.” बशीतला चहा गार होत होता. “अन् तुह्या पत्रात बकरीचं नाव! गुडघा कसा हाये! मले तीन रविवार घास गोड लागला नाही. म्हनून तं म्हनलं, गोधड्या शिवू. म्हनलं, तिले दिसू तं द्या, आंधळगावात ललिता बी हाये म्हनून.”

शकुंतलाबाई ऐकत राहिली. सहा वर्षं ती जळत होती, हे तिला माहीत होतं. पण तिच्यावर कोणी जळत होतं, आणि तेही ललिता, हे तिला आत्ता कळत होतं. ते इतकं सुखाचं होतं की ते कागद खोटे होते हेही क्षणभर ती विसरली.

“मी नाही सांगत कोनाले,” ललिताबाई म्हणाली. “यायलेही नाही सांगत.” म्हणजे वासुदेवरावांना. “पन एक. सखाबाई अर्धी माही.”

“म्हनजे?”

“मंडळीत सांगाचं, सिस्टर गेली, तिच्या जागी सखाबाई हाये. अन् तिचं नाव आपल्या दोघीइच्या घराले. पत्र एक महिना तू लिव, एक महिना मी.”

सौदा वाईट नव्हता. मान खाली घालावी लागणार नव्हती. जीप तुमसरला पोहोचेपर्यंत शकुंतलाबाईनं तो उलटसुलट करून बघितला. सखाबाईच्या डब्यात आठ पत्रं होती, आठही तिची. सहा वर्षं ती सांभाळली त्या बाईनं, न वाचता. त्यात आता ललिताबाईच्या पत्रांची भर पडणार. महिनाआड ‘आमची सखाबाई’ ऐकावं लागणार. आंधळगाव आलं तेव्हा तिचं ठरलं होतं. अर्धी सखाबाई तिला नको होती.

रविवारी धनीरामनं रुळावर ठोके दिले. तिनं मोजले. बारा. वासुदेवरावांनी विचारलं, “कशी झाली भेट?” ललिताबाईनं तिच्याकडं बघून बारीकशी मान हलवली, सौद्याची. शकुंतलाबाई उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. तिन्ही पत्रं मी लिहिली. अंगणवाडीत बसून, तिरपं अक्षर काढून. सुशीलाबाई आपण चिठ्ठी उचलली तेव्हाच तिथं नव्हती. का लिहिली तेही सांगितलं, ललिताबाईचं नाव घेऊन. मग सखाबाईबद्दल सांगितलं. पाणी, पेज, जीप, बिस्किटाचा डबा. सांगताना रडली नाही. शेवटी म्हणाली, “मले जे म्हनाचं ते म्हना. पन सखाबाई माह्या घराले द्या. पुरी.”

ललिताबाई लालबुंद झाली होती. दारात धनीराम हातातला पाना या हातातून त्या हातात करत होता.

“म्हनजे इतके दिवस,” आनंदाबाई सावकाश म्हणाली, “आपन जबलपूरच्या एका संसारासाठी प्रार्थना केली?”

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. शकुंतलाबाई सोडून.

“हसायचं नाही,” वासुदेवराव म्हणाले, आणि स्वतःचं हसू चष्मा पुसून लपवलं. “चूक चुकीच्या जागी. पण सखाबाईचं नाव घ्यायला हवं. तिचं नाव कोणी छापलं नाही, ते आपण लिहू.” त्यांनी कपाटातली जुनी यादी काढली आणि तळाला पेनानं लिहिलं, ‘सखाबाई, कुमडीटोला.’

“माह्या घराले,” शकुंतलाबाई म्हणाली.

“मी डॉक्टर वापस करतो,” ललिताबाई ताडकन उठली. “मले बी सखाबाईच पाहिजे. मी बी गेली होती, पाहून आली तिले.”

“तुले कागद पाहिजे फोटोचे!”

“अन् तुले खोटे!”

“बायांनो!” वासुदेवराव ओरडले. त्यांनी दोघींकडं बघितलं, बायकोकडं जरा जास्त वेळ. “खोटं पत्र वाचणाऱ्याला नाव आपोआप मिळालं, तर उद्या सगळेच वाचतील. आणि मी माझ्याच घराला दिलं तर लोक मला काय म्हणतील? नियम तो नियम. नवीन नाव गंजात.”

जानेवारीच्या पहिल्या रविवारी गंज आलं. नऊ चिठ्ठ्या, आठ कोऱ्या. शकुंतलाबाईनं डोळे मिटून हात घातला. कोरी. ललिताबाईनं घातला. कोरी. दोघींनी एकमेकींची चिठ्ठी आधी बघितली, मग आपली. सातव्या नंबरावर आनंदाबाई उठली, एक उचलली आणि नाकाजवळ धरली. “काही लिवलं हाये बापा याच्यात,” ती म्हणाली. “कोनी वाचाल का?”

आता दर महिन्याला आंधळगावातून एक गाठोडं कुमडीटोल्याला जातं. जुनं धुतलेलं कापड, कधी दोन गोधड्या. ज्याला तिकडं काम असेल तो नेतो. नसेल तर बाया आळीपाळीनं जातात आणि मंगळवारी जातात, म्हणजे नर्सबाईकडून पत्र वाचून घेता येतं. गाठोड्याची गाठ धनीरामच्या ट्यूबची.

पत्र मात्र आनंदाबाईच्या घरून निघतं. आनंदाबाईला लिहिता येत नाही. पहिल्या महिन्यात शकुंतलाबाई कामावरून सुटल्याबरोबर गुडघा ओढत तिच्या घरी गेली, तर दारात ललिताबाईची चप्पल. आत ललिताबाई चटईवर बसून होती, मांडीवर कोरा कागद, हातात टोपण काढलेला पेन.

“तू काहून आली वो?”

“तू काहून आली?”

आनंदाबाईनं भिंतीला टेकून दोघींचं ऐकून घेतलं. “ललिते, पेन तिले दे,” ती शेवटी म्हणाली. “अक्षर शकुनचं चांगलं हाये. आता सरळच काढ म्हना, तिरपं नको.”

ललिताबाईनं आधी खाली बघितलं, मग हसली. ते खाली बघणं शकुंतलाबाईला चांगलंच ओळखीचं होतं.

ती लिहायला बसली. सखाबाईला सलाम सांगितला, घाटात धुकं असेल तर जीपवाल्याला सावकाश चालव म्हणावं असं आनंदाबाईनं सांगितलं ते लिहिलं, हिरव्या काठाची गोधडी धुवून टिकली का ते ललिताबाईला विचारायचंच होतं, तेही लिहिलं. खाली तिघींची नावं घातली. पहिलं आनंदाबाईचं. मग आपलं. आणि त्याच्याखाली, कागद संपत आल्यासारखं, जरा बारीक अक्षरात ललिताबाईचं.